उभी काठी तोलणारा रोबो : कौतुक नेमके कशाचे करावे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हौशी मंडळींनी आणि विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या रोबोंची माहिती आपल्या विज्ञानविषयक पानांवर वेळोवेळी छापून येते आणि मी ती आवर्जून वाचतो. त्यात उभी काठी तोलून धरणारा रोबो अधूनमधून दिसतो. रुळावर मागेपुढे धावणारी छोटी गाडी, त्या गाडीवर सैल सांध्यात उभी केलेली काठी आणि ती पडू नये म्हणून गाडीची सतत चाललेली लगबग, असे त्याचे स्वरूप असते. छायाचित्र छान येते, चलचित्र त्याहून छान दिसते. मात्र या यंत्राविषयी जे लिहिले जाते त्यात त्यातली अवघड गोष्ट बहुधा निसटून जाते. मोटर किती ताकदीची आहे, सेन्सर किती बसवले आहेत आणि बनवायला किती दिवस लागले, एवढे सांगून झाले की ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने’ हे शब्द जोडून मजकूर संपतो. यंत्रनियंत्रणाच्या क्षेत्रात काम केलेला वाचक या नात्याने या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे यंत्र जोडण्यात फारसे काही नाही. ते जुळवून आणण्यात सगळे आहे. गाडी, पट्टा, मोटर, आर्डुइनोसारखा एखादा बोर्ड (प्रोग्राम भरता येणारा छोटा संगणक) आणि सांध्यातला कोन मोजणारा सेन्सर एवढे साहित्य हाताशी असले, तर सवयीच्या माणसाला ही जोडणी फार काळ अडवत नाही. तयार कोडही सहज मिळतो. तरीही काठी पडते, आणि ती का पडली याचा शोध ज्याने घेतला, त्याला यंत्रशास्त्रातले एक मोठे प्रकरण हाताने शिकायला मिळते. रंगीत रेषेवरून चालणारा रोबो किंवा रिमोटवर धावणारी गाडी चुकली तरी कशीबशी चालत राहते, परंतु काठी असे काही चालवून घेत नाही. म्हणूनच हौशी माणसाने दुसरा-तिसरा प्रकल्प निवडताना हाच निवडावा असे मी सुचवतो, आणि म्हणूनच त्याचे कौतुक करताना चुकीच्या जागी बोट ठेवले जाऊ नये असे मला वाटते.

काठी पडते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. तंतोतंत उभी असलेली काठी तत्त्वतः उभीच राहायला हवी, पण प्रत्यक्षात तिला कुठला तरी सूक्ष्म कल असतोच. कल जितका जास्त तितका गुरुत्वाकर्षणाचा तिला पाडण्याचा जोरही जास्त, त्यामुळे कल ठरावीक वेळात दुप्पट, पुन्हा तितक्याच वेळात त्याच्या दुप्पट असा वाढत जातो. हा दुपटीचा काळ काठीच्या लांबीवर अवलंबून असतो. सर्वत्र सारख्या जाडीची एक मीटर लांब काठी असेल, तर पडणे नीट सुरू झाल्यावर तिचा कल दर 0.18 सेकंदाला दुप्पट होतो. 60 सेंटीमीटरच्या काठीसाठी हाच काळ 0.14 सेकंद, 30 सेंटीमीटरसाठी 0.1 सेकंद आणि नव्या कोऱ्या पेन्सिलीसाठी 0.08 सेकंदांच्या आसपास येतो. हा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. काठीला दुप्पट सवड द्यायची असेल, तर लांबी चौपट करावी लागते.

तळहातावर लांब काठी उभी धरता येते आणि पेन्सिल येत नाही, याचे कारण इथेच आहे. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. मीटरभर काठीचा कल तेवढ्या वेळात दुपटीच्या थोडासा पुढे जातो आणि सावरता येतो. पेन्सिलीचा कल तोवर सहापटीच्या आसपास गेलेला असतो. काठीच्या वरच्या टोकाला वजन बांधले तर तिला तोलणे अवघड होईल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते सोपे होते, कारण वजन सांध्यापासून जितके दूर तितका तिला वळायला वेळ लागतो. एक मीटर काठीचे जवळजवळ सगळे वजन टोकाशी नेले, तर दुपटीचा काळ 0.18 वरून 0.22 सेकंदांवर जातो. नवख्या माणसाने सुरुवातीला लांब आणि टोकाशी थोडी जड काठी घ्यावी, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. आकर्षक दिसते म्हणून छोटी, सुबक काठी घेणारे स्वतःचे काम उगीच कठीण करून घेतात.

आता गाडीने करायचे काय, ते पाहू. काठी उजवीकडे कलली तर गाडीने उजवीकडे जोरात सरकून तिच्याखाली जायचे, हे कोणीही सांगेल. पण निव्वळ कोनाकडे पाहून जोर लावला, तर काठी सरळ होते आणि त्याच झपाट्यात पलीकडे कलते, मग गाडी उलट धावते आणि हेलकावे वाढत जातात. म्हणून कोनाबरोबर कोन बदलण्याचा वेगही पाहावा लागतो. काठी उजवीकडे कललेली असली तरी सरळ होण्याच्या मार्गावर असेल तर जोर कमी करायचा, आणि सरळ असली तरी कलण्याच्या वेगात असेल तर आधीच जोर लावायचा. कोन गुणिले एक आकडा, अधिक वेग गुणिले दुसरा आकडा, एवढ्या गणितावर काठी उभी राहते. हौशी मंडळी यालाच पीडी कंट्रोल म्हणतात, आणि साचत गेलेल्या चुकीचे तिसरे पद त्यात मिळवले की पीआयडी. या पद्धतीला जुना इतिहास आहे. जहाजाचे सुकाणू आपोआप वळवण्यासाठी असे त्रिपदरी नियंत्रण कसे करावे, याचे विश्लेषण निकोलाय मिनोर्स्की यांनी 1922 साली मांडले होते.

येथवर आलेला माणूस आनंदात असतो आणि पुढच्या काही सेकंदांत त्याची गाडी रुळाच्या टोकावर जाऊन आदळते. काठी उत्तम तोललेली असते, पण गाडी एका बाजूला आधी हळूहळू आणि मग वेग घेत निघून जाते. या जागी फार जण मोटर बदलतात, कोडमधले आकडे वाढवतात, पट्टा घट्ट करतात. दोष बहुधा वेगळाच असतो. सेन्सर ज्याला शून्य अंश म्हणतो, ती काठीची खरी उभी स्थिती नसते. समजा हा फरक केवळ अर्ध्या अंशाचा आहे. मग यंत्र काठीला इमाने इतबारे अर्धा अंश कललेली ठेवते आणि अर्धा अंश कललेली काठी तशीच राहायची, तर तिच्याखालच्या गाडीला सतत वेग वाढवत राहावे लागते. हे त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे साडेआठ सेंटीमीटर एवढे भरते. आकडा किरकोळ वाटतो, पण मीटरभर रुळाच्या मध्यातून निघालेली गाडी एवढ्यावर जेमतेम साडेतीन सेकंदांत टोक गाठते. अर्धा अंश म्हणजे 60 सेंटीमीटर काठीच्या वरच्या टोकाला फक्त पाच मिलिमीटर. डोळ्यांना ते कळणेही कठीण. रूळ पाण्याच्या पातळीत नसेल, सेन्सरची तबकडी दांड्यावर किंचित फिरली असेल किंवा काठी स्वतःच थोडी वाकडी असेल, तर एवढा फरक सहज पडतो.

यावर उपाय म्हणून गाडीचे रुळावरचे स्थान आणि तिचा वेग हे दोन्ही हिशेबात घ्यायचे असतात. म्हणजे आकडे चार झाले. इथे या यंत्रातली माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट समोर येते आणि बहुतेकांची पहिली फसगतही इथेच होते. गाडी मध्यापासून उजवीकडे गेली असेल, तर तिला परत आणण्यासाठी डावीकडे ढकलावे असे साधी समज सांगते. कोडमध्ये तसे चिन्ह घातले की काठी पडते. कारण गाडीला अचानक डावीकडे ओढले की काठी उजवीकडे कलते आणि मग तिला सावरायला गाडीला उजवीकडेच धावावे लागते. बरोबर कृती याच्या नेमकी उलट आहे. गाडी उजवीकडे असेल तर तिला आणखी किंचित उजवीकडे ढकलायचे. त्यामुळे काठी जराशी डावीकडे कलते आणि त्या कलाच्या मागे मागे गाडी आपोआप डावीकडे, मध्याकडे येते. चांगला जुळवलेला रोबो बारकाईने पाहिला तर हे उघड दिसते. त्याला डावीकडे जायला सांगितले की तो आधी उजवीकडे एक छोटासा झटका देतो, काठी झुकू देतो आणि मग निघतो. ज्याने हे चिन्ह स्वतः विचार करून उलटे केले, त्याला नियंत्रणशास्त्राच्या वर्गात पुढे भेटणाऱ्या एका मोठ्या अडचणीची ओळख झालेली असते. ज्याने दोन्ही चिन्हे लावून पाहिली आणि जे चालले ते ठेवले, त्याच्या हाती चालणारे यंत्र येते, पण ही ओळख होत नाही.

दुसरी मोठी अडचण उशिराची आहे. 60 सेंटीमीटरच्या काठीचा कल 0.14 सेकंदांत दुप्पट होतो म्हणजे 140 मिलिसेकंद हातात आहेत असे वाटते, आणि आर्डुइनो तर सेकंदाला कोट्यवधी आज्ञा पार पाडतो, मग उशीर कुठून यावा? तो अनेक ठिकाणांहून थोडा थोडा गोळा होतो. सर्वांत गमतीचे ठिकाण म्हणजे माहिती संगणकाच्या पडद्यावर दाखवणारी ओळ. काठी का पडते हे कळावे म्हणून माणूस कोन, वेग, स्थान आणि मोटरला दिलेला आकडा दर फेरीला, म्हणजे कोन मोजून मोटरला आज्ञा देण्याचे चक्र प्रोग्रामने पूर्ण केले की दर वेळी, छापू लागतो. बोर्ड आणि संगणक यांच्यातल्या सीरियल जोडणीचा वेग सेकंदाला 9600 बिट ठेवलेला असेल, तर सेकंदाला सुमारे 960 अक्षरे जातात, म्हणजे एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. 25 अक्षरांची ओळ म्हणजे 26 मिलिसेकंद. बोर्डाजवळचा छोटा बफर (अक्षरे तात्पुरती साठवण्याची जागा) भरेपर्यंत काही जाणवत नाही. तो भरला की पूर्ण प्रोग्राम अक्षरे बाहेर पडण्याची वाट पाहत थांबतो. पाच मिलिसेकंदांत एकदा फिरायची ती फेरी पंचवीस-तीस मिलिसेकंदांवर जाते आणि काठी डगमगू लागते. दोष शोधण्यासाठी लिहिलेली ओळच दोष होऊन बसते. छपाई काढून टाकली की सगळे ठीक, पुन्हा घातली की बिघाड, असा अनुभव आला की माणसाला भुताटकीचा संशय येऊ लागतो. जोडणीचा वेग 1,15,200 करावा, दर वीसाव्या फेरीलाच ओळ छापावी आणि फेरी ठरल्या वेळेलाच सुरू होते आहे की नाही हे घड्याळ लावून तपासावे, एवढे केले की भूत उतरते. मोबाइलच्या किंवा वेबच्या कॅमेऱ्याने काठी पाहणाऱ्यांचे दुखणे याहून मोठे असते. सेकंदाला 30 चित्रे म्हणजे दोन चित्रांमध्येच 33 मिलिसेकंद गेले. चित्रातून काठी ओळखायला लागणारा वेळ त्यापुढचा.

उशीर टाळायचा म्हणून फेरी जलद करावी, तर तिसरी अडचण उभी राहते. कोनाचा वेग बहुधा थेट मोजलेला नसतो. आताचा कोन वजा मागचा कोन, भागिले मधला वेळ, असा तो काढतात. साधा पोटेन्शियोमीटर (फिरवल्यावर विजेचा दाब बदलणारा, कोन मोजायला वापरतात तो सेन्सर) 270 अंश फिरतो आणि आर्डुइनो उनो त्याचे 1024 भाग करतो, म्हणजे सेन्सरची एक पायरी 0.26 अंशांची झाली. ही एक पायरी पाच मिलिसेकंदांच्या एका फेरीत बदलली, तर गणित सांगते की काठी सेकंदाला 53 अंश वेगाने पडते आहे. प्रत्यक्षात 60 सेंटीमीटरची काठी एक अंश कललेली असताना सेकंदाला पाच अंशांच्या वेगाने पडत असते. खऱ्या वेगाच्या दहापट खोटा वेग पाहून मोटर दचकते, थरथरते आणि कर्कश आवाज करते. 600 रेषांचा एन्कोडर (तबकडीवरच्या रेषा मोजून कोन सांगणारा सेन्सर) लावून त्याच्या चारही कडा मोजल्या, तर फेऱ्याला 2400 पायऱ्या मिळतात आणि पायरी 0.15 अंशांवर येते. एएस5600 सारखा 12 बिटांचा चुंबकीय सेन्सर 4096 पायऱ्या देतो. तरीही उड्या पूर्ण जात नाहीत. मग शेवटच्या आठ फेऱ्यांमधला फरक घेऊन वेग काढावा लागतो. त्याने खोटी उडी आठव्या हिश्श्यावर येते, पण तो वेग सरासरीने 20 मिलिसेकंद जुना असतो. म्हणजे थरथर घालवावी तर उशीर वाढतो आणि उशीर घालवावा तर थरथर वाढते. या ओढाताणीत आपल्या काठीला, आपल्या मोटरला आणि आपल्या सेन्सरला मानवेल तो बिंदू शोधणे, हे या छंदातले खरे कौशल्य आहे. त्यासाठी दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन भागत नाही.

उसन्या आकड्यांबद्दल थोडे अधिक. कोडमध्ये ‘35’ असा आकडा दिसतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की, एका अंशामागे मोटरच्या 0 ते 255 या पट्टीवर 35 घरे जोर द्यायचा. हा जोर त्या माणसाच्या मोटरचा, त्याच्या बॅटरीच्या दाबाचा, त्याच्या गाडीच्या वजनाचा आणि त्याच्या पट्ट्याच्या चाकाचा असतो. बॅटरी उतरू लागली की त्याच 35 चा प्रत्यक्ष जोर कमी होतो. म्हणून नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर दिमाखात उभी राहिलेली काठी काही वेळाने कारण नसताना पडू लागते. स्टेपर मोटर (मोजक्या, ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) वापरली तर हा प्रश्न बराचसा मिटतो. 200 पावलांची मोटर, दोन मिलिमीटर अंतरावर दात असलेला पट्टा आणि 20 दातांचे चाक असेल, तर एका पावलाला गाडी बरोबर 0.2 मिलिमीटर सरकते, आणि तिला जोराऐवजी थेट त्वरणाची आज्ञा देता येते. मात्र झेपेल त्याहून जास्त त्वरण मागितले की ती पावले गाळते आणि त्याची वाच्यता करत नाही. कोडच्या समजुतीत गाडी एकीकडे असते आणि रुळावर दुसरीकडे.

गिअरमधला प्ले, म्हणजे दात्यांमधला सैलपणा, हाही असाच त्रास देतो. स्वस्त गिअर मोटरचे चाक हाताने हलवून पाहा: मोटर बंद असताना ते दोन्हीकडे थोडे सैल हलते. काठी उभी असते तेव्हा गाडीला नेमक्या याच टप्प्यात, डावी-उजवी अशा बारीक हालचाली करायच्या असतात आणि प्रत्येक वेळी दिशा बदलताना तो सैलपणा आधी भरून निघावा लागतो. त्यात भर म्हणजे थोड्या जोराला मोटर हलतच नाही. समजा 255 पैकी 40 घरांपर्यंत ती नुसती गुणगुणते. तर छोट्या कलाला दिलेले छोटे उत्तर वाया जाते, कल वाढतो, मग एकदम मोठे उत्तर जाते आणि गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अखंड येरझाऱ्या घालू लागते. प्रत्येक उत्तरात दिशा पाहून तेवढी घरे आधीच मिळवून द्यावीत, हा यावरचा रूढ उपाय आहे. तो गिअरच्या प्लेवर चालत नाही. तिथे पट्टा किंवा चांगली मोटर हाच इलाज.

आता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या शब्दांकडे येतो. वर सांगितलेले चार आकडे आणि त्यांची बेरीज, एवढ्यावर काठी उभी राहते. त्यात शिकणारे, ओळखणारे किंवा ठरवणारे काही नाही. अशा यंत्राला बुद्धिमत्तेचे लेबल लावणे म्हणजे ते बनवणाऱ्याने केलेला विचार यंत्राच्या खात्यावर जमा करणे होय. बातमी लिहिणाऱ्यांनी एवढा एक प्रश्न विचारावा: चार आकडे माणसाने ठरवले, की यंत्राने पडून पडून शोधले? दुसऱ्या प्रकारची यंत्रे आहेत आणि त्यांचा इतिहास मोठा रोचक आहे. डोनाल्ड मिची आणि चेंबर्स या संशोधकांनी 1968 साली काठीच्या आणि गाडीच्या स्थितींचे कप्पे पाडून, कुठल्या कप्प्यात डावीकडे ढकलायचे आणि कुठल्या कप्प्यात उजवीकडे हे अनुभवावरून शिकणारा प्रोग्राम मांडला. 1983 साली अँड्र्यू बार्टो, रिचर्ड सटन आणि चार्ल्स अँडरसन यांनी त्याच प्रश्नावर पुढचे काम केले. त्यांच्या प्रोग्रामला काठीचे यंत्रशास्त्र ठाऊक नव्हते. काठी 12 अंशांपलीकडे कलली किंवा गाडी रुळाबाहेर गेली की फक्त ‘चुकले’ एवढे कळत असे आणि तेवढ्यावरून 162 कप्प्यांत काय करायचे ते तो शिकत असे. बार्टो आणि सटन यांना संगणकशास्त्रातले 2024 चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले ते चुकत चुकत शिकण्याच्या या शाखेच्या (रिइन्फोर्समेंट लर्निंगच्या) पायाभरणीसाठी, आणि संगणकावरची ही आभासी गाडी-काठी आजही त्या विषयाचे पहिले उदाहरण म्हणून शिकवली जाते. तेव्हा काठीचा आणि बुद्धिमत्तेचा संबंध खरा आहे, मात्र तो प्रत्येक रोबोत असतोच असे नाही. शिकणारा प्रोग्राम खऱ्या गाडीवर चढवायचा झाला तर काठी शेकडो वेळा पडू द्यावी लागते, दर वेळी ती उचलून पुन्हा उभी करावी लागते आणि रुळाच्या टोकांना रबर लावावे लागते. म्हणून बरेच जण शिकणे संगणकावर उरकून आकडे गाडीवर उतरवतात. तेव्हा गिअरचा प्ले, उशीर आणि बॅटरी यांच्याशी पुन्हा गाठ पडतेच.

प्रश्न जुना आहे म्हणून तो शिळा झाला असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जेम्स रोबर्ज यांनी पदवीच्या प्रबंधासाठी 1960 मध्येच असे यंत्र उभे केले होते. जपानमध्ये कात्सुहिसा फुरुता यांनी रुळाऐवजी गोल फिरणाऱ्या दांड्यावर काठी बसवली. त्यामुळे रुळाचे टोकच उरले नाही आणि जागाही कमी लागू लागली. रूळ, पट्टा आणि टोकाची बटणे यांचा व्याप ज्याला नको असेल, त्याने ही फिरती मांडणी जरूर करून पाहावी, मात्र बोर्डाच्या तारा दांड्याभोवती गुंडाळल्या जाऊ नयेत याचा विचार आधीच करावा. जाता जाता एक विलक्षण गोष्ट सांगतो. सांध्याला वरखाली पुरेशा जलद कंपने दिली तर काठी कुठल्याही सेन्सरशिवाय, कुठल्याही कोडशिवाय उलटी उभी राहते. अँड्र्यू स्टीफन्सन यांनी हे 1908 साली दाखवले आणि प्योत्र कापित्सा यांनी 1951 मध्ये त्याचा स्पष्ट उलगडा केला. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही.

स्वतःच दोन चाकांवर उभा राहणारा रोबो हा याच कुळातला, परंतु त्याचे दुखणे वेगळे असते. तिथे कोन सांध्यावर मोजता येत नाही. गायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि त्वरणमापक यांच्यावर विसंबावे लागते. पहिला हळूहळू भरकटतो आणि दुसरा गाडी धावू लागली की तिच्या त्वरणालाच कल समजतो, म्हणून दोघांचे मत ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. या दोन प्रकारांची बातम्यांत सरमिसळ होते, ती टाळावी. सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी: काठी 20 अंशांपलीकडे गेली किंवा गाडी रुळाच्या टोकाशी आली की मोटरचा पुरवठा तोडलाच पाहिजे, आणि लिथियमच्या बॅटऱ्या चार्ज होत असताना त्यांना एकटे सोडू नये. पट्ट्यात बोट सापडले तर काय होते ते सांगायला नको.

आता माझी सूचना. प्रदर्शनात किंवा स्पर्धेत असा रोबो समोर आला की परीक्षक साधारणपणे काठी किती वेळ उभी राहिली ते मोजतात आणि तिला बोटाने टिचकी मारून पाहतात. एवढ्यावरून उसना आकडा आणि स्वतः शोधलेला आकडा यांतला फरक कळत नाही. त्याऐवजी परीक्षकांनी जवळ वेगळ्या लांबीची काठी ठेवावी आणि यंत्र बंद असतानाच बनवणाऱ्याला विचारावे: ही काठी लावली तर तुझ्या चार आकड्यांपैकी कोणता वाढवावा लागेल, कोणता कमी करावा लागेल आणि का? उत्तर कागदावर लिहून घ्यावे, मग काठी बदलावी, आकडे बदलावेत आणि यंत्र चालू करावे. काठी उभी राहिली नाही तरी चालेल. कागदावरचे कारण आणि समोर घडलेले यांचा मेळ तो कसा लावतो ते ऐकावे, आणि आपल्या प्रतिनिधीने बातमीत ते संभाषण शक्य तितके जसेच्या तसे छापावे. मोटरची ताकद आणि सेन्सरांची संख्या छायाचित्राखालच्या ओळीत दिली तरी पुरे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक